फील्डच्या खिडकीतली बत्ती

निघायच्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी देवघराच्या बाजूच्या भिंतीत एक हूक बसवला. पूजा अजून व्हायची होती. ड्रिलचा आवाज ऐकून माधुरी पुऱ्यांचं पीठ लागलेल्या हातांनीच स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अहो, बत्ती यायची आहे अजून. आणि ही सगळी धूळ गणपतीवर बसतेय."

मी धूळ पुसली, देवांना पुन्हा आंघोळ घातली आणि त्या रिकाम्या हुकाकडे बघत आरती म्हटली. मन आरतीत नव्हतं हे कबूल करतो.

बत्ती माझ्या वडिलांची, अण्णांची. अण्णा कसारा घाटात रेल्वेचे सांधेवाले होते. घाट उतरताना एखाद्या गाडीचे ब्रेक लागेनासे झाले, तर तिला बाजूच्या चढावर नेऊन थांबवणारा एक फाटा तिथे असतो. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. सांधा एरवी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीनं आधी थांबून दाखवायचं, आपण ताब्यात आहोत हे पटवायचं. मग सांधेवाला खटका ओढून सांधा बदलतो आणि तिला पुढची वाट देतो. अण्णांनी सारी नोकरी हेच केलं, हातात लाल-हिरव्या काचांची रॉकेलची बत्ती घेऊन. पुढे बॅटऱ्या आल्या, जुन्या बत्त्या मोडीत निघाल्या आणि त्यांतली एक अण्णांना निवृत्त होताना मिळाली.

ती आता घाटाखालच्या आमच्या गावी, माझ्या मोठ्या भावाच्या देवघरात असते. दादाला घर मिळालं, अण्णांचे शेवटचे दिवस मिळाले, वर बत्तीही मिळाली, असं मला कित्येक वर्षं वाटत आलं आहे. मी इथे एडमंटनमध्ये शाळांच्या इमारतींचे बॉयलर सांभाळतो. शेवटी आदल्या रविवारी मी फोनवर त्याला म्हणालो, "तुला गाव आहे, घाट आहे. मला काय आहे?" दादा म्हणाला, "बरं. पाठवतो." आमच्या गावची एक मुलगी इथे कॉलेजात शिकते. आईला भेटायला गेली होती, ती परत येताना आणणार होती. खंडेनवमीच्या आत बत्ती माझ्या भिंतीवर.

तर अशा खुशीत आम्ही तिघं निघालो. मी, माधुरी आणि आमची वीस वर्षांची ऋचा. जायचं होतं रॉकी पर्वतातल्या फील्ड नावाच्या छोट्या रेल्वे-गावाला. तिथल्या घाटातही पूर्वी असेच सुटलेल्या गाडीसाठीचे सांधे होते, असं वाचलं होतं.

जाणाऱ्यांसाठी रस्त्याचं सांगतो. कॅलगरीवरून हायवे सोपा पडतो, पण आम्ही रेड डिअरहून पश्चिमेला वळलो. रॉकी माउंटन हाऊस, मग नॉर्डेग. नॉर्डेगला पेट्रोल भरून घ्या, पुढे बराच वेळ डोंगर आणि तळंच आहे. डावीकडे एब्रहॅम लेक लागतो, दुधात निळं टाकावं तशा रंगाचा. तिथे थांबून तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासमधला चहा झाला. पुढे नॅशनल पार्कचा पास लागतो. लेक लुईझला पुन्हा पेट्रोल आणि ग्रोसरी घ्या, कारण फील्डमध्ये दुकानांचा भरवसा नाही. आम्ही सप्टेंबरच्या शेवटी गेलो. एक ऑक्टोबरपासून त्या घाटात विंटर टायर्स लागतातच.

लेक लुईझ सोडलं की खिंड येते आणि रस्ता एकदम खाली उतरायला लागतो. गाडी ऋचा चालवत होती.

"बाबा, देअर इज नो ब्रेक ऑन युअर साइड," ती म्हणाली.

खरंच, माझा पाय रिकाम्या जागी दाबला जात होता.

उतारावर उजव्या हाताला बोगदे बघायची जागा आहे. इथली पहिली रेल्वे या उतारावरून सरळ खाली नेली होती. इतका उभा उतार की गाड्या सुटायच्या, माणसं मरायची. मग शंभराहून जास्त वर्षांपूर्वी डोंगराच्या पोटात दोन वळणदार बोगदे खणले. गाडी डोंगरात शिरते, आतल्या आत वळते आणि आपल्याच शेपटीच्या वर किंवा खाली बाहेर येते. मालगाड्यांना वेळापत्रक नसतं, त्यामुळे धीर हवा. आम्ही थांबलो, चहा संपला, माधुरीचं स्तोत्र म्हणून झालं आणि मग कंटेनरची एक गाडी आली. इंजिन खालच्या तोंडातून बाहेर पडलं तरी मागचे डबे वर डोंगरात शिरतच होते.

तिथे फलक आहेत. कुठला बोगदा कसा वळतो, जुना उतार कुठून जायचा, सगळं चित्रांसह. लोक मुलांना दाखवत होते. आमच्या घाटातही गाड्या अशाच जीव मुठीत धरून उतरतात, घाट खणताना तिथेही माणसं गेली. मला तर त्या घाटात एकही फलक आठवत नाही. अण्णा जिथून खटके ओढायचे त्या केबिनच्या काचा कोणीतरी दगड मारून फोडल्या, एवढं आठवतं. मी त्या फलकांसमोर उभा राहून जळत होतो, दुसरा शब्द नाही.

फील्ड गाव म्हणजे नदीपलीकडे डोंगराच्या पायाशी चारदोन गल्ल्या, रंगवलेली लाकडी घरं आणि मध्ये रेल्वेचं यार्ड. गाडीवरची माणसं इथे बदलतात. नावाची कथा आम्हाला घरमालकीणबाईंनी सांगितली. अमेरिकेतला एक श्रीमंत माणूस रेल्वेत पैसे घालील या आशेनं गावाला त्याचं नाव दिलं. तो आला, पाहुणचार घेतला, पैसे न घालता गेला. नाव राहिलं.

"आपल्याकडे जावई असं करतात," माधुरी मराठीत पुटपुटली.

घरमालकीण म्हणजे डॉना. सत्तरीची, उंच, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली. वरच्या दोन खोल्या आणि छोटं स्वयंपाकघर पाहुण्यांना भाड्यानं देते. बॅन्फच्या मानानं भाडं कमी, माझ्या मानानं जास्त. पण स्वतःचा वरणभात करता येतो हे महत्त्वाचं.

दारात बूट काढले आणि वर बघतो तो यार्डाकडच्या खिडकीत बत्ती. लाल काच, हिरवी काच, वर धुराचं टोपडं, तारेची मूठ. अण्णांचीच म्हणाल. मी पुढे झालो, तिच्या बुडाला हात लावला आणि तो कपाळाला लावला. विचार करून नाही, हात आपोआप गेला.

"गरम नाहीये ती," डॉना हसून म्हणाली. "आत एलईडी बल्ब आहे."

मला मनातून बरं वाटलं. आमची अजून रॉकेलवर जळते.

माधुरी माझ्या कानाशी आली. "आता हिचीही मागू नका."

संध्याकाळी डॉनानं सूप आणि पाव आणून दिला, आम्ही तिला वरणभात दिला. वरणाला तिनं सूपच म्हटलं आणि दोनदा घेतलं. बत्ती तिच्या आजोबांची. ते जुन्या उतारावर सांध्यावर होते.

"तीन सांधे होते," ती म्हणाली. "प्रत्येक सांधा चढावरच्या फाट्याकडे लावलेला. ड्रायव्हरनं ठरलेली शिट्टी दिली, म्हणजे गाडी ताब्यात आहे, तरच माझा आजोबा वाट द्यायचा."

"अँड इफ ही फर्गॉट टू व्हिसल?" ऋचानं विचारलं.

"मग जा वर डोंगरात. आजोबा कुणाचं ऐकायचा नाही. तुम्ही आज ज्या हायवेनं उतरलात ना, तो बराचसा त्या जुन्या रुळांच्या जागेवरूनच येतो."

ऋचा म्हणाली, "माय ग्रँडफादर हॅड द सेम जॉब. इन इंडिया. द एग्झॅक्ट सेम जॉब."

मग ती डॉनाला विचारतच सुटली. थंडीत आजोबा बसायचे कुठे, झोप कशी आवरायचे, कधी गाडी सुटलेली पाहिली का. डॉना सांगत होती. मी भाताचं भांडं विसळत उभा होतो. यांतला एकही प्रश्न पोरीनं मला कधी विचारला नव्हता. उत्तरं तर मलाही येत होती.

"तुम्ही कधी घाट दाखवलात तिला?" माधुरीनं हळूच विचारलं. "गावी गेलो की लग्नं, नाहीतर दवाखाने."

मी विषय बदलायला डॉनाला विचारलं, बोगदे खणणाऱ्या मजुरांची नावं कुठे लिहिली आहेत का. तिनं समोरच्या अंधारात जाणाऱ्या डोंगराकडे बोट केलं. "त्याला रेल्वेच्या एका मोठ्या साहेबाचं नाव आहे. मजुरांचं नाव असलेला डोंगर मला माहीत नाही. या रेल्वेवर कितीतरी चिनी मजूर मेले, त्यांचीही नाहीत." ऐकून मला क्षणभर समाधान वाटलं, आणि त्या समाधानाची लगेच लाजही वाटली.

तेवढ्यात यार्डात गाडी सुरू झाली. डॉनानं खिडकीतलं बटण दाबलं, लाल-हिरवा उजेड पडला. पुढून जाणाऱ्या इंजिनातून कुणीतरी हात वर केला. डॉनानंही केला. रोज देवापुढे दिवा लावावा इतक्या सहज.

"ओळखीचा आहे?" मी विचारलं.

"तो नाही. पण त्यांना खिडकी ओळखीची आहे."

मी न राहवून विचारलं, ही बत्ती घरात दुसऱ्या कुणाला नको होती का.

"बहिणीला हवी होती. व्हॅन्कुव्हरला असते. दर ख्रिसमसला मागायची. म्हणायची, तुला घर मिळालं, मला निदान ती दे."

मला त्या न पाहिलेल्या बहिणीचा एकदम पुळका आला. "बरोबरच आहे तिचं," मी म्हणालो.

"म्हणून दिली एकदा. एका थंडीत कॅफेत एक ड्रायव्हर भेटला. म्हणाला, डॉना, बरं नाही का तुला? खिडकी काळोखी असते." तिनं गुडघा चोळला. "बहिणीकडे जाऊन बघते तर कुंड्यांच्या रांगेत ठेवलेली. उचलून घेऊन आले. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. मी वाईट बहीण आहे बहुतेक."

खाली यार्डात डबे एकमेकांवर आदळत होते, त्या आवाजानं मला दादाचं एक बोलणं आठवलं. खंडेनवमीला तो बत्ती घेऊन केबिनवर जातो. तिथले लोक खटक्यांना हळदकुंकू लावतात, झेंडू घालतात, आणि अण्णांची बत्ती मध्ये ठेवतात. गेल्या वर्षी तिथे नवीन लागलेल्या एका मुलीनं विचारलं, ही कुणाची, आणि दादानं तिला अण्णांची सगळी हकिकत सांगितली. हे तो मला फोनवर रंगून सांगत होता, आणि मी मध्येच म्हणालो होतो, "बरं, ती मला देतोस कधी?"

दुसऱ्या दिवशी एमरल्ड लेक पाहिला. गावापासून जवळ आहे, गाडी लावायला जागा मिळावी म्हणून सकाळी लवकर जा. पाणी नावाप्रमाणे पाचूचं. फोटो ऋचाकडे आहेत, माझे सगळे बत्तीचे निघाले. गावातून निघताना डॉनानं हात हलवला, खिडकीतून, बत्तीच्या शेजारून. तिच्या आजोबांच्या घरात, आजोबांच्या खिडकीत. माझं तोंड कडूच होतं.

परतीला घाट चढताना मी म्हणालो, "दादा इतक्या लवकर हो म्हणेल असं वाटलं नव्हतं."

"तेच तर," माधुरी म्हणाली. "अण्णांनी दिली असती का वाट? तुम्ही शिट्टी न वाजवताच धडाधड उतरत होतात. भावजी बिचारे भले, त्यांनी सांधा बदलून दिला."

ऋचाला हसू आलं. मला आलं नाही, पण रेड डिअरपर्यंत तेच डोक्यात होतं.

घरी पोचलो तेव्हा इथे रविवारची संध्याकाळ, म्हणजे गावी सोमवारची सकाळ. हात-पाय धुऊन देवासमोर दिवा लावला आणि दादाला फोन केला.

"पोचलात?"

"पोचलो. दादा, बत्ती कुठाय?"

"बांधून ठेवलीय. अण्णांच्या धोतरात गुंडाळलीय, काच फुटायला नको. परवा येतेय ती मुलगी न्यायला."

"सोड ती. पाठवू नकोस."

"का रे? जागा नाही तुझ्याकडे?"

"जागा आहे. हूकसुद्धा लावलाय."

"मग?"

त्याच्या मागे घाट चढणाऱ्या गाडीचा आवाज येत होता. तो मोठा झाला, म्हणून आम्ही दोघंही थांबलो. गावात फोनवर बोलताना थांबायचंच असतं, गाडी जाईपर्यंत.

"इकडे गाडी नाही, दादा," मी म्हणालो. "ती इथे नुसती टांगलेली राहील."

तो म्हणाला, "बाळू, गेला आठवडा देवघराकडे बघवत नव्हतं रे." आणि लगेच मोठ्या भावाच्या आवाजात, "तुला सगळं उशिरा सुचतं. आता खंडेनवमीला ये तरी."

"बघतो."

"बघतो म्हणू नकोस."

"या वर्षी रजा नाही. पुढच्या वर्षी येतो. ऋचाला घेऊन येतो."

"लिहून ठेव कुठेतरी," दादा म्हणाला. म्हणून इथे लिहून ठेवतो आहे.

मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. डॉनाच्या खिडकीचा वाटतो, दादाचा तर आज जास्तच वाटतो, कारण आता बत्ती कायमची त्याची झाली. देवाला मी रोज सांगतो, हे एवढं काढून घे. त्यानं अजून मनावर घेतलेलं नाही.

फोन ठेवल्यावर मी बेसमेंटमधून पक्कड आणि पुट्टीचा डबा आणला. हूक काढला. भोकात पुट्टी भरली, बोटानं सपाट केली आणि या वेळी आधी गणपतीवर फडकं टाकलं.