हरिकेनच्या पंखावरचा ओरखडा

वहिनी मागच्या आठवड्यात मंगळवारी गेल्या. आज तेरावं झालं.

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. दादा होता तोवर त्याला नाही, आणि वहिनींना — त्यांना काय सांगायचं होतं? त्यांना ठाऊकच होतं.

दादा, माझा थोरला भाऊ, लढाईत विमानांचा फिटर होता. ब्रह्मदेशच्या सरहद्दीवरून परतला तो फारसा बोलेनासा होऊन. बोलला तर वहिनींशी. इंग्रजांचा झेंडा उतरला त्या वर्षी, कोहमाऱ्याजवळच्या आमच्या घरी, त्याने शिवणीच्या लाकडाचं हातभर विमान कोरलं. हरिकेन — तो सांभाळायचा तेच लढाऊ विमान. कोरायला महिना लागला, रंगवायला वर्ष. आधी सगळं चंदेरी, त्यावर हिरवा आणि मातकट. मग तो ते मळवायला बसला. जवसाच्या तेलात कालवलेली काजळी धुराड्यामागे बोटाने ओढायची. पोटाखाली त्याच काजळीने तेलाचे ओघळ. चाकांवर रस्त्याची लाल धूळ — ती वहिनी पदरातून गाळून द्यायच्या. शेवटी डाव्या पंखाच्या मुळाशी दादाने दाभणाने रंग खरवडला, खालची चंदेरी दिसेपर्यंत. त्याचा पायलट चढताना तिथेच टाच घासायचा. विशीतला पोरगा. एका सकाळी उडाला, तो परत आला नाही.

"नवं विमान कोणाचंच नसते," दादा म्हणायचा. "मळलं का मंग समजते, कोणाचं हाय."

मी ऐकत होतो. मी शाळामास्तर, घरातला शिकलेला — मला काय समजलं होतं?

शाळा तपासायला साहेब येणार होते. हेडमास्तरांनी मांडायला विमान मागितलं. दादा केशोरीला बहिणीकडे धान कापायला गेला होता. मी विमान टेबलावर ठेवून पाहिलं आणि मला लाज वाटली. मास्तरांच्या घरची वस्तू, आणि इतकी कळकट? तान्ह्या पोळ्याला पोरांचे लाकडी बैल रंगवून उरलेला हिरवा ऑइलपेंट घरात होता. वहिनी विहिरीवर होत्या. सोड्याच्या पाण्याने मी विमान घासलं आणि रंगाचे दोन हात दिले. त्या बैलांसारखंच चकचकीत झालं. साहेबांनी माझी पाठ थोपटली — तेही सांगून टाकतो.

दादा आला. विमान उचलून त्याने अंगठा डाव्या पंखाच्या मुळाशी नेला. अंगठ्याला काही लागलं नाही.

"कोणं केलं?"

मी म्हणालो — किती सहज आलं ते तोंडात — "वहिनींनी मळ समजून धुतलं. मग मी रंग दिला, बरं दिसावं म्हणून."

वहिनी चुलीपाशी होत्या.

"काऊन वो?" दादाने विचारलं. "धूळ तूच गाळून देली होती ना?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"चुकलं जी," त्या म्हणाल्या.

"मले वाटलं, तुले तरी समजते."

एवढंच. त्याला शंका कशी आली नाही? मास्तर खोटं कायले बोलन, असं त्याला वाटलं असणार. त्यानंतर लढाईचा, त्या पोराचा एक शब्द त्याने वहिनींजवळ काढला नाही. पाणी मागायचा, जेवायला बसायचा. सात वर्षं. रोज पाच वाजता मी शाळेतून घरी येत होतो. कुठल्याही दिवशी सांगता आलं असतं. तो काय करणार होता — मारणार होता? मग कशाला भ्यालो मी? 'मास्तर' म्हणताना त्याच्या आवाजात जे असायचं, ते जाईल म्हणून.

दादा तापाने गेला. पुढची चार वर्षं वहिनी मला वाढत राहिल्या. "भाऊजी, आणखी भात देऊ का?" विमानाबद्दल कधीच काही नाही.

विमान माझ्या टेबलावर आहे. वरून हिरवं आणि चकचकीत. उलटं केलं की पोटाखाली, जिथे घाईत माझा हात पोचला नव्हता, तिथे दादाने ओढलेली काजळी बोटभर शिल्लक आहे.