चि.चं छि. झालं तेव्हा

साकीनाक्याला एका औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आमचा छापखाना होता. ऐंशीचं दशक संपत आलेलं. खिळे जुळवणारी मंडळी एकेक करून निवृत्त झाली होती आणि त्यांच्या जागी एक कॉम्प्युटर आला होता. त्याच्यासाठी मालकांनी काचेची केबिन बांधली, एसी लावला आणि दारावर पाटी ठोकली : चपला बाहेर काढाव्यात. स्वतः मालक तर आत येताना नकळत हातही जोडायचे.

त्या केबिनमध्ये आम्ही दोघी बसायचो. मी मुलुंडची, घाटकोपरला क्लास लावून कॉम्प्युटर शिकलेली. दुसरी माझी मैत्रीण, वेसाव्याची कोळीण, टायपिंगचा हात असा की बघत राहावं. तिचं हसणं हा मोठा धोका होता. आधी नुसते खांदे हलायचे, आवाज काहीच नाही. मग एकदम अशी किंकाळी फुटायची की बाहेर मशीनवरचा माणूस काम थांबवायचा.

तिचं लग्न ठरलं होतं. पत्रिका अर्थातच आमच्याकडे, आणि मजकूर तिनंच टाईप करून ठेवला होता. "माझ्या नावाच्या आधी चि. सौ. कां. मीच लिहायचं म्हणजे कसलं भारी ना?" ती म्हणाली होती. त्या सकाळी सासूसासरे मढहून प्रूफ बघायला येणार होते. ती लवकर येऊन, केसांत अबोलीचा गजरा घालून बसली होती.

आदल्या दिवशी डीलरचा माणूस येऊन गेला होता. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन त्यानं फ्लॉप्यांवरून मशीनमध्ये चढवलं. "जुनं व्हर्जन काढलेलं नाही, आतच आहे," तो म्हणाला. "फक्त मशीनला सांगून ठेवलंय की यापुढं नवंच उघडायचं." त्यानं काळ्या पडद्यावर खटाखट काहीतरी टाईप केलं आणि गेला. मी मागं उभी राहून बघत होते. एवढं कळलं की त्यानं 'पाथ' लिहिलं आणि पुढं फोल्डरचं नाव. जुन्या फोल्डरच्या नावाच्या शेवटी एक होता, नव्याच्या शेवटी दोन.

मैत्रिणीनं पत्रिकेची फाईल उघडली. मी डबा ठेवत होते. मागं वळून बघते तर हिचे खांदे हलतायत.

"काय गं?"

तिनं नुसतं बोट दाखवलं. पडद्यावर पहिली ओळ होती : आयछे रेदे ष्लीखृफेखलूप.

"हे काय?"

"आमचे येथे श्रीकृपेकरून," ती कशीबशी म्हणाली. "खाली वाच."

खाली तिच्या नवऱ्याच्या नावाआधी लिहिलं होतं छि. आणि तिच्या नावाआधी छि. हौ. खां. आणि मधोमध, वेलबुट्टीच्या चौकटीत, मोठ्या अक्षरांत : षुमशिशाळ.

किंकाळी फुटली. मीही खुर्ची धरून खाली बसले. पोटात दुखेपर्यंत हसलो. निमंत्रकांत काकांचे खाखा झाले होते, मामांचे याया. "माझे याया येणार लग्नाला!" असं म्हणत तिनं डोळे पुसले, आणि गंमत म्हणून प्रिंट काढायला दिली. प्रिंटर करकरत एकेक ओळ ओकायला लागला.

हसू ओसरल्यावर मात्र माझ्या लक्षात आलं. "थांब. बाकीच्या फायली बघ." आम्ही एका मंडळाची स्मरणिका उघडली. तीही तशीच. शाळेचा अहवाल, तोही तसाच. जुन्या व्हर्जनमध्ये टाईप केलेलं प्रत्येक अक्षर नव्यात एक पाऊल पुढं सरकलं होतं. क चा ख, च चा छ, म चा य. सगळी बाराखडी जणू रांगेत पुढं ढकलली गेली होती.

"वाट लागली," मैत्रीण म्हणाली आणि बोट सेव्हच्या बटणाकडं नेलं.

"सेव्ह नको करू!" मी तिचा हातच धरला. "फाईल बिघडलेली नाही, वाचणारा बदललाय. अशीच बंद कर."

डीलरला फोन लावला. तिकडची बाई म्हणाली, साहेब सांताक्रूझला गेलेत, संध्याकाळी येतील. फोन ठेवतेय तोच जिन्यात आवाज आला. सासूसासरे आले.

सासरे उंच, पांढराशुभ्र सदरा, गळ्यात सोन्याची साखळी. सासूबाई हिरव्या लुगड्यात, अंबाडा फुलांनी भरलेला. दोघांनी चपला बाहेर काढल्या. सासरे आत आले आणि आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी प्रिंटरवरचा कागद उचलला. चष्मा लावला. घसा खाकरला. आणि देवळात पोथी वाचावी तसं गंभीरपणे वाचायला लागले : "आयछे रेदे ष्ली... ष्लीखृ..." थांबले. माझ्याकडं बघून आदरानं विचारलं, "संस्कृत आहे काय?"

मी ओठ चावले. मैत्रिणीचा गजरा हलायला लागला होता.

ते पुढं गेले. "छि." परत बघितलं. मग बायकोकडं वळले. "अगो, आपल्या पोराला हे छि म्हणतायत."

सासूबाई म्हणाल्या, "मशीनला बरं कळलं. जन्मापासून मी त्याला तेच म्हणते. पाण्यात जातो रोज आणि आंघोळ करायला सांगावी लागते!"

झालं. मैत्रिणीची किंकाळी, त्यात सासूबाईंचं खळखळून हसणं, आणि सासरे कागद धरून "पण हौ म्हणजे काय, हौ?" असं विचारतायत. होणाऱ्या सासूसमोर असं हसायचं नाही, हे मैत्रिणीला कुणीतरी घरी नक्की शिकवलं असणार. ते त्या दिवशी वाहून गेलं.

आवाज ऐकून मालक आले. ते मालवणचे. त्यांनी कागद वाचला आणि भिंतीला टेकले. "मेलंय! ह्या काय झाला? आता काय करूचा?"

"जुनं व्हर्जन परत लावू," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. लावता येईल का, ते मला माहीत नव्हतं.

काळ्या पडद्यावर मी नुसतं 'पाथ' टाईप केलं. मशीननं त्या माणसानं दिलेली ओळच दाखवली, शेवटी दोन असलेली. मी तीच ओळ पुन्हा जशीच्या तशी लिहिली, फक्त दोनच्या जागी एक. एंटर. मशीन काहीच बोललं नाही. पत्रिका उघडली. चि.

"आलं!" मैत्रिणीनं मला मिठी मारली. सासूबाईंनी लांबूनच माझी दृष्ट काढली. आणि नेमका तेव्हा खालच्या वर्कशॉपमध्ये कसलंसं मोठं मशीन सुरू झालं नि आमचा फ्यूज उडाला. एसी बंद, पडदा काळा.

फ्यूज बसवला, मशीन पुन्हा चालू केलं, पत्रिका उघडली. छि.

आता मात्र मला हसू आवरेना. भीतीनं आणि गमतीनं एकदमच. मालक म्हणाले, "गो, तू हसतंस काय?" पण हसता हसताच मला क्लासमधलं आठवलं. काळ्या पडद्यावर लिहिलेलं फक्त मशीन चालू असेपर्यंत टिकतं. मशीन उठल्याबरोबर एक छोटी फाईल वाचतं आणि त्यात जे लिहिलंय ते करतं. त्या माणसानं नव्याची ओळ तिथंही घातली असणार.

आधी त्या फाईलची एक कॉपी करून ठेवली. मग ओळीओळीनं दुरुस्ती करायचा तो कंटाळवाणा प्रोग्रॅम उघडला, जो क्लासमध्ये आम्ही कुणीच धड शिकलो नव्हतो. ओळींना नंबर होते. तिसरी ओळ आमची. मैत्रीण एकेक अक्षर मोठ्यानं वाचायची, मी टाईप करायची आणि सासरे मागून तेच अक्षर पुन्हा म्हणायचे. नाखवा माणूस, सुकाणूवर असल्यासारखा ताठ उभा. "एक," मैत्रीण म्हणाली. "एक," सासरे म्हणाले. मी एक लिहिला.

मग मुद्दाम मशीन बंद केलं. पुन्हा चालू केलं. ते घरघरलं, अक्षरं सरकत वर गेली. पत्रिका उघडली.

चि. चि. सौ. कां. शुभविवाह.

मालकांनी टाळी वाजवली, मग संकोचून हात जोडले. आम्ही दोघी अनवाणी त्या थंडगार फरशीवर गोल गोल फिरलो. सासूबाईंनी पिशवीतून डबा काढला. सोड्यांचं, म्हणजे वाळवलेल्या कोलंबीचं, खमंग सुकं आणि तांदळाची भाकरी. एसीच्या त्या बंद केबिनमध्ये वास असा भरला की मालक आधी दारावरच्या पाटीकडं बघत राहिले, मग स्वतःच पहिला घास घेतला.

प्रूफ पास झालं. पण सासरे जाईनात. कॉम्प्युटरकडं बघत घुटमळले. शेवटी म्हणाले, "ह्याच्यात आमच्या होडीचं नाव येईल काय? मोठं?"

आम्ही टाईप केलं. मोठं केलं. "अजून," ते म्हणाले. अजून केलं. प्रिंटरचा सलग कागद आडवा वापरून आम्ही एका पानावर एक अक्षर छापलं. करकर करकर किती वेळ चालली होती! कागद टेबलावरून खाली उतरला, दारापर्यंत गेला. सासरे गुडघ्यावर बसून प्रत्येक अक्षरावर हात फिरवत होते.

घडी घालून देते म्हटलं तर त्यांनी ऐकलं नाही. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं सासूबाईंनी, आणि तसेच दोघं जिना उतरायला लागले. ते पुढं, त्या मागं, मधे लांबच लांब होडीचं नाव झोके घेतंय. "अहो, हळू, फाटंल!" असं सासूबाई ओरडत होत्या आणि हसत होत्या. आम्ही दोघी कठड्यावर ओणव्या होऊन ते वसाहतीच्या फाटकाबाहेर वळेपर्यंत बघत राहिलो.