पेटीतली तीन निळी पत्रं

आमच्या घरात फोन एकच आहे, माझ्या नवऱ्याचा. तो एकदा धानाच्या बांधीतल्या चिखलात पडला, तेव्हापासून कानाला लावून काही ऐकू येत नाही. स्पीकर सुरू करूनच बोलावं लागतं. रेंजही फक्त अंगणात सीताफळाच्या झाडाजवळ येते. त्यामुळे कोणाचाही फोन आला की सासू खाटेवरून, नवरा ओट्यावरून आणि शेजारीण कुंपणापलीकडून ऐकते. राजुऱ्याहून माझ्या मोठ्या बहिणीचा फोन येतो. मी तिला बाई म्हणते. ती विचारते, "कशी आहेस व?" मी म्हणते, "बरी आहो." "जेवली?" "जेवली." तेवढ्यावर आमचं बोलणं संपतं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की लहानपणापासून माझी जीभ टाळूला चिकटते.

म्हणून मी पत्र लिहायची. शाळा चौथीपर्यंत झाली, पण निळ्या पत्रापुरतं तेवढं शिक्षण पुरतं. मोहफुलं वेचायला किंवा धानाच्या राखणीला एकटी गेले की टोपल्यात फडक्याखाली पत्र आणि पेन असायचं. गुडघ्यावर लाकडी पाटी ठेवून लिहायची. लिहिताना मला कोणी अडवत नसे, त्यामुळे मी पुष्कळ बोलायची.

गावचं डाकघर म्हणजे डाकवाल्या भाऊंच्या घराचा ओटा. एक टेबल, एक शिक्का, एक छोटा तराजू. समोरच पाण्याचं बोरिंग. माझं पत्र आलं तर त्यांनी ते कधीच कोणाच्या हाती घरी धाडलं नाही. मी पाण्याला आले की ते दोनदा खाकरायचे. मी पाण्याची गुंड खाली ठेवून ओट्यापाशी जायची आणि पत्र पदराखाली घेऊन परत यायची. मी त्यांना असं करा म्हणून सांगितलं नव्हतं. पहिल्याच वर्षी त्यांच्या ते ध्यानात आलं आणि पुढं लग्नाची अठरा वर्षं तसंच चाललं. एकदा सासू म्हणाली, "तो डाकवाला काऊन खाकरते व इतका?" मी म्हटलं, "बिडी पिते म्हणून." भाऊ बिडी पीत नव्हते.

मग ते रिटायर झाले. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. आमचं डाकघर नाल्यापलीकडच्या मोठ्या गावाला जोडलं म्हणे. आधी डाक आठवड्यातून दोनदा यायची, मग बाजाराला गेलेला कोणी आणेल तेव्हा, आणि मग आलीच नाही. कोणी ओरडलंही नाही. सगळ्यांजवळ फोन होते.

बोरिंगपलीकडं ग्रामपंचायतीच्या भिंतीवरची लाल पेटी मात्र तिथंच राहिली. ती बंद झाली असं कोणी बोललं नाही, आणि मी कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कोणाला लिहितेस, काय लिहितेस, हेही निघालं असतं. झेंडावंदनाच्या आधी पंचायतीनं भिंत पांढरी केली, झेंड्याचा खांब रंगवला आणि उरलेल्या रंगात पेटीवरही हात फिरवला. ती चकचकीत पेटी पाहून मला वाटलं, सुरू आहे.

त्याच वर्षी माझी मुलगी बारावी पास झाली. तिला नर्सिंग शिकायचं होतं. ती मला एकदाच बोलली, आणि मी "पाहू" म्हटलं. घरात तिच्या लग्नासाठी पाहुणे पाहणं सुरू झालं होतं. मी बाईला लिहिलं, "पोरीला तुझ्याजवळ ठेव. तिकडं शिकवणारी संस्था आहे म्हणतात. पण मी लिहिलं असं सांगू नको. तुझ्या मनानं म्हणतेस असं यांना फोनवर म्हण." पत्र पेटीत टाकलं. महिनाभर वाट पाहून दुसरं टाकलं, "पत्र पोचलं का?" तिसऱ्यात लिहिलं, "तुला जमत नसेल तर राहू दे, मी रागावणार नाही."

मधल्या काळात बाईचा फोन यायचा. कशी आहेस, बरी आहो. तिचा आवाज थोडा तुटक वाटायचा. मी समजले, तिला पोरगी नको आहे आणि सांगायचा संकोच होतो. नंतर कळलं, मी लिहिणं बंद केलं म्हणून तीच माझ्यावर रुसली होती. दोघी फोनवर दर वेळी जेवली का विचारत होतो, आणि पत्राबद्दल एकीनंही विचारलं नाही.

या पावसाळ्यात डाकेची एक नवी पोरगी स्कूटीवर आली. पेटी काढून न्यायची होती. कुलूप रंगानं जाम झालं होतं. पंचायतीच्या शिपायानं पहारीनं तोडलं. मी बोरिंगवर होते. आत कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं, आणि तीन निळी पत्रं. तिन्ही माझीच. माझ्याशिवाय गावात कोणी काही टाकलंच नव्हतं. पाणी शिरून समोरचे पत्ते विरघळले होते, मागचं माझं नाव तेवढं राहिलं होतं.

पोरीनं नाव वाचलं. पंचायतीच्या ओट्यावर बसलेली माणसं हसली. एक म्हणाला, "ह्या पेटीत कोण टाकते बाप्पा? इथी तर माशी राह्यते." पोरगी म्हणाली, "ही बाई इथी असन तर बोलवा, मी हातातच देते." वीस पावलांवर मी उभी होते. मला जाता आलं नाही. शिपाई म्हणाला, "द्या इकडं, घरी नेऊन देतो." तो माझ्या समोरून पत्रं घेऊन गेला आणि मी भरलेली गुंड डोक्यावर घेऊन त्याच्या मागं चालत राहिले.

त्यानं ती सासूच्या हातात दिली. तिला वाचता येत नाही. नवरा शेतात होता. तिनं एक पत्र माझ्यापुढं धरलं. "वाच. काय लिवलं पाहू दे."

मी उघडलं. आतली अक्षरं शाबूत होती. ते पहिलंच निघालं. मी वाचू लागले, "आम्ही सर्व खुशाल. धान रोवून झालं. गाय व्याली." अक्षरांकडं बघत होते आणि त्यात नसलेलं बोलत होते. सासू म्हणाली, "एवढ्यासाठी तीन तीन पत्रं? फोन नाई का घरी?"

मुलगी माझ्या मागं सूप घेऊन तांदूळ निवडत होती. सुपाचा आवाज थांबला तेव्हा मला कळलं, ती खांद्यावरून वाचते आहे. ती उठली, तिन्ही पत्रं घेतली आणि म्हणाली, "भिजली आहेत आजी, चुलीत टाकते." चुलीत टाकली नाहीत. धुणं धुताना मला म्हणाली, "आई, हे मले तोंडानं काऊन नाई सांगतलं?" मी कपड्यांना सोडा घासत राहिले. तिनं बापाच्या फोनवरून त्या पत्राचा फोटो मावशीला पाठवला आणि नंतर फोनमधून पुसून टाकला, हेही तिनंच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईचा फोन आला. रविवारी पाहुणे यायचे होते. नवरा झाडाखाली उभा, सासू खाटेवर, मी चुलीपाशी. बाईनं मी लिहिलं तस्संच केलं. "भाऊजी, मी एकटी पडून राह्यली इथी. पोरीले दोन-तीन वर्षं पाठवा माह्याजवळ. शिकन, मले सोबत होईन."

सासू म्हणाली, "घ्या, आता ह्यांची सोय पाहा."

नवरा हसला. माझ्याकडं न बघता फोन पुढं केला. "तिच्या मायलेच विचारा. तिची मर्जी असन तर नेजा." मी चारचौघांत काही बोलणार नाही, हे त्याला लग्नापासून माहीत होतं.

"बोल व," बाई म्हणाली. "पाठवतेस?"

मुलगी दारात उभी होती. कुंपणापलीकडं बांगड्यांचा आवाजही थांबला. मी म्हटलं, "हो."

"काय? ऐकू नाई आलं."

फोन नवऱ्याच्या हातात होता. मी चुलीपासून उठले, अंगणात गेले आणि मोठ्यानं म्हटलं.