तीर्थात कालवलेली पावडर

फुप्फुसातला कॅन्सर यकृतापर्यंत पोचल्याचं कळलं, तेव्हा मी महादेवाशी चक्क भांडले. लेकीचं लग्न तोंडावर आलेलं, आणि आत्ताच हे कशाला रे बाबा? नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी इम्युनोथेरपीची इंजेक्शनं सुरू केली आणि मला विचारून एका पावडरीच्या चाचणीतही घेतलं. पोटातले चांगले जंतू वाढले तर इंजेक्शन जास्त लागू पडतं का, हे त्यांना पाहायचं होतं. काहींना खरी पावडर, काहींना नुसती पिठी. कोणाला काय, ते त्यांनाही ठाऊक नाही. रोज सकाळी पाण्यातून घ्यायची, खाडा करायचा नाही, एवढं बजावलं होतं.

मी मात्र दर सोमवारी खाडा करू लागले. नवसाचे सोमवार धरलेले, संध्याकाळपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. आणि पुडीत पिठी निघाली तर? पिठी म्हणजे धान्यच की! यजमान चिडायचे, “जीव मोठा की उपास?” मी ऐकते कसली! पण आतून पार धास्तावले होते. औषध चुकवलं तर जीव जाईल, नवस मोडला तर देव रुसेल.

एका सोमवारी यजमानांनी आमच्या कुडव्याहून गाडीवर जवळच्या नागऱ्याला, महादेवाच्या देवळात नेलं. पावडरीची पुडी मुठीत धरून मी पायरीवर रडत बसले. शेजारी एक अनोळखी म्हातारी बसली होती.

“काऊन रडून राहिली, बाई?”

मी सगळं सांगितलं. तिने फटकारलंच, “तीर्थानं उपास मोडते का? कालव त्याच्यातच!” स्वतः उठून आपल्या तांब्यात तीर्थ घेऊन आली. मी पावडर कालवली आणि गटागटा प्यायले. तोंड पुसून पाहते तर म्हातारी निघून गेलेली. तिला कोणी पाठवलं, ते मी कोणाला विचारलं नाही. नंतर डॉक्टरीणबाईंना खाडे सांगून टाकले. त्यांनी नोंद केली, पण चाचणीतून काढलं नाही. त्यानंतर एकही दिवस चुकला नाही.

पुढच्या स्कॅनमध्ये यकृत स्वच्छ! फुप्फुसातली गाठ बोराएवढी उरलेली. लेकीच्या वरातीत मी अशी नाचले की व्याहीसुद्धा बघत राहिले.

चाचणी संपल्यावर कळलं, माझ्या वाट्याला नुसती पिठीच आली होती. मी दवाखान्यातच खो खो हसले. बाई म्हणाल्या, “गुण इंजेक्शनाचा. पण तुम्ही पिठी घेतलीत, म्हणूनच तुमच्याशी ताडून खऱ्या पावडरीचं खरंखोटं कळणार.” माझे हात आपोआप जोडले गेले. काय द्यायचं ते देवाकडे. आपण ओंजळ पुढे करावी, बस्स. सोमवारी अजून नागऱ्याला जाते. तीर्थ घेते, म्हातारी दिसते का बघते, आणि महादेवाला सांगते, आपलं भांडण मिटलं बरं का.