वाढीव मावशी आणि स्वच्छ ताट

“आधी घास, मग अभ्यास, आणि दोन्हीच्या वेळी बडबड बंद!” असं वाढीव मावशी उठता-बसता म्हणायच्या, आणि खानावळीत सगळ्यांत जास्त बडबड त्यांचीच असायची.

नर्सिंग शिकणाऱ्या मुलामुलींच्या वसतिगृहात त्या स्वयंपाक करत. कोणी ‘बस, बस’ म्हणून ताटावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून एक पळी आत सोडायच्याच. म्हणून कुठल्याशा पोराने त्यांना वाढीव मावशी म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं, की खरं नाव सांगायला खुद्द त्यांच्या नवऱ्यालाही दोनदा विचार करावा लागला असता. आधीची स्वयंपाकीण आजारी पडली म्हणून आठवडाभरासाठी आल्या होत्या. ती बरी होऊन नातवंडं सांभाळायला गेली आणि मावशी चुलीपाशी राहिल्या त्या राहिल्याच.

मी त्या खानावळीत भाजी पोचवायचो. मळ्यातून टेंपो निघायचा तो उन्हं चढायच्या आत मागच्या दाराशी. हिशेब होईस्तोवर दुपारचं जेवण व्हायचं, ते मीही तिथेच उरकायचो. शाळा मी फार केली नाही, पण माणूस ओळखायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. भाजीसारखं देठापासून पाहत आलोय. तेव्हा या बाईबद्दल जे सांगतो ते पारखून सांगतो.

त्यांचं स्वयंपाकघर म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला शेगड्यांची रांग, वर काळवंडलेला पंखा, ज्याचा वारा कमी आणि कुरकुर जास्त. पलीकडे जेवणाचा हॉल, लांबलचक टेबलं, पाय हलणारी बाकं. हॉलच्या कोपऱ्यात भिंतीला एक चौकोनी खिडकी होती. जेवण झालं की प्रत्येकाने आपलं ताट त्या खिडकीतून आत सरकवायचं. भांडी घासायला आत दुसऱ्या बायका होत्या, पण वाढप संपलं की मावशी खिडकीमागे स्टूल टाकून बसत. आलेलं प्रत्येक ताट आधी त्यांच्या नजरेखालून जायचं, मग पाण्यात.

“माणूस खोटं बोलेल, ताट बोलणार नाही,” असं त्या मला सांगत. “याने भाजी बाजूला सारली म्हणजे दात दुखतोय. हिने भात चिवडला म्हणजे घरून फोन आलाय. आणि ताट लख्ख आलं, की समजायचं, पोट भरलं.”

ही त्यांची विद्या. त्या खिडकीतून त्यांचा तोंडाचा पट्टा चालायचा.

“ए झिपऱ्या, पालक काय ताट रंगवायला दिला होता?”

“मावशी, तो हिरवा आहे ना!”

“तू काळा आहेस, म्हणून तुझ्या आईने टाकलं का तुला?”

सगळा हॉल हसायचा. झिपऱ्याही हसायचा आणि राहिलेला पालक तिथेच उभ्या-उभ्या तोंडात टाकायचा. अशी शेकडो पोरं त्यांनी वाढवली. पुढे ती मोठमोठ्या दवाखान्यांत गेली आणि रात्रपाळीच्या डब्यात काय न्यावं, हे विचारायला त्यांनाच फोन करू लागली.

माझी भाची तिथे शिकायला आली तेव्हा मला केवढा धीर वाटला! मोठ्या बहिणीची एकुलती एक पोर. तिचे वडील, म्हणजे माझे दाजी, तिला एवढ्या लांब पाठवायला तयार नव्हते. मीच म्हणालो, “दाजी, तिथे मावशी आहेत. पोर उपाशी राहायची नाही.” त्या शब्दावर त्यांनी तिला सोडलं.

भाची हट्टी, पण अभ्यासाला वाघीण. पहिल्या काही दिवसांतच मावशींनी तिचं ताट खिडकीतून हातात घेतलं, सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं आणि म्हणाल्या, “हे बघा! याला म्हणतात जेवण! चाटूनपुसून! या ताटात तोंड बघून वेणी घालावी!” भाची लाजली. मी रिकाम्या टोपल्या गोळा करत होतो. माझी छाती इंचभर फुगली.

त्यानंतर रोज तेच. भाचीचं ताट लख्ख यायचं आणि मावशी म्हणायच्या, “शिका जरा हिच्याकडून!”

आणि एका सकाळी भाची पडली. रुग्णाला पलंगावरून खुर्चीत कसं बसवायचं, हे शिकण्याचा तास होता. रुग्ण म्हणून ठेवलेला पुतळा उचलताना तिच्याच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती पुतळ्याच्या शेजारी आडवी झाली. मी मागच्या दाराशी होतो. मावशींच्या कानावर आलं तशा त्या पिठाच्या हातांनीच धावल्या, मी त्यांच्या मागे.

कॉलेजच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी भाचीची खालची पापणी ओढून पाहिली. आत गुलाबी असायला हवं तिथे कागदासारखं पांढरं. रक्त तपासायला घेतलं. म्हणाल्या, “रक्त फार कमी झालंय. जेवत नाही का ही?”

“जेवत नाही?” मावशींचा आवाज चढला. “डॉक्टरबाई, अहो, हिचं ताट रोज माझ्या हातातून जातं. शीत शिल्लक नसतं!”

दाराशी भाचीची मैत्रीण उभी होती. अंगाने भरलेली, मनाने लोणी, सगळे तिला पहिलवान म्हणत. तिने आधी जमिनीकडे पाहिलं, मग मावशींकडे.

“मावशी,” ती म्हणाली, “ते मी खायचे.”

मावशी पलंगाच्या कडेला टेकल्या.

हळूहळू सगळं बाहेर आलं. वरच्या वर्गातल्या मुलींनी भाचीला सांगितलं होतं की दुपारी पोटभर जेवलं की तासाला डुलक्या येतात, पोट हलकं ठेवलं की डोकं जागं राहतं. सकाळी पहिला तास इतका लवकर, की बहुतेक सगळी पोरं काही न खाता पळायची. मग चहा-बिस्किटं, मग पुन्हा चहा. भाचीला पहिला नंबर हवा होता. ती दोन घास खायची आणि बाकीचं हळूच पहिलवानच्या ताटात लोटायची. सुरुवातीला थोडंच. पण मावशींनी ताट उंच धरून कौतुक केलं, आणि मग तिला ताटात काही ठेवायचीही सोय उरली नाही. खरं सांगायची लाज, कौतुक गमवायची भीती. ताट जितकं लख्ख होत गेलं, तितकी पोर सुकत गेली.

  मावशी उठल्या, भाचीच्या केसांवर हात ठेवला आणि पिठाची पाच बोटं तिथे उमटली.

डॉक्टरबाईंनी मग सगळ्याच पोरांचं रक्त तपासलं. भाची एकटी नव्हती. हसणारी, पळणारी, रात्र-रात्र वाचणारी कितीतरी पोरं आतून फिकट होती. पण भाचीचं सर्वांत कमी. प्राचार्यबाई वाईट नव्हत्या, पण त्यांचीही अडचण होती. वॉर्डात दिवसभर उभं राहायचं, माणसं उचलायची. जी स्वतःच कोसळते तिच्या हाती रुग्ण कसा द्यावा? त्यांनी सांगितलं, सत्र संपताना पुन्हा तपासू. रक्त वाढलं नाही, तर वर्षभर घरी विश्रांती.

दाजींना फोन केला तर ते म्हणाले, “वर्षभर कशाला? एकदा घरी आली की पुन्हा पाठवायची नाही. जीव असला तर शिक्षण.” त्यांचंही काय चुकलं? बापाचं काळीज ते. पण भाचीने ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तिला घरी जायचं नव्हतं, एवढंच ती सारखं म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी खिडकीमागचं स्टूल रिकामं होतं.

मावशी दवाखान्यात डॉक्टरबाईंसमोर बसल्या होत्या, शाळेत बसावं तशा. “मला सगळं सांगा,” त्या म्हणाल्या, “मला आजवर वाटत होतं, पोटात गेलं म्हणजे झालं.” डॉक्टरबाईंनीही वेळ काढून सांगितलं. गोळ्या मी देते, म्हणाल्या, पण गोळ्यांच्या जोडीला पालेभाजी, कडधान्यं, अंडी हवीत. त्यावर लिंबू पिळलं तर अंगाला जास्त लागतं. आणि जेवणावर लगेच चहा नको, चहा खाल्लेल्यातलं लोह अंगी लागू देत नाही.

“अगंबाई!” मावशींनी कपाळावर हात मारला. “मी तर जेवणाच्या टेबलावरच किटली ठेवते!”

“आणि मी रोज त्यातलाच पिते,” डॉक्टरबाई म्हणाल्या. दोघी हसल्या. त्या हसण्यातून पुढचं सगळं झालं. एकीला माहिती होती, दुसरीला पोरं माहिती होती.

किटली टेबलावरून हलली. आता चहा जेवणानंतर तासाभराने. पोरांनी बंडच केलं. झिपऱ्या बाकावर चढून ओरडला, “चहा आमच्या हक्काचा!” मावशी खालून म्हणाल्या, “हक्क तासाभराने मिळेल, खाली उतर, बाक मोडेल.” मग त्या प्राचार्यबाईंकडे गेल्या, डॉक्टरबाईंना सोबत घेऊन. पहिला तास थोडा पुढे सरकवा, पोरांना सकाळी खायला वेळ द्या. सकाळी नीट खाल्लं की दुपारी एवढं भुकेजून कोंबणार नाहीत, डुलक्याही कमी येतील. प्राचार्यबाईंनी आठ दिवस पाहू म्हटलं. आठ दिवसांनी शिक्षकच सांगू लागले की आता पहिल्या तासाला कोणी जांभया देत नाही. तास पुढेच राहिला. माझ्या टेंपोत आता पालेभाजीच्या दुप्पट टोपल्या आणि लिंबांचं एक पोतं जाऊ लागलं.

पण भाचीचं काय? तिला समोर अन्न आलं की घास फिरायचा. शिवाय आता लाज. सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत, असं तिला वाटायचं.

मावशींनी एक साधी गोष्ट केली. वाढप दुसऱ्या बाईच्या हाती दिलं, स्वतःचं ताट घेतलं आणि हॉलमध्ये भाचीसमोर येऊन बसल्या. तिच्या ताटाकडे पाहिलंच नाही. आपली डाळ भातावर घेतली, एक घास खाल्ला आणि थांबल्या.

“काय झालं?” भाचीने विचारलं.

“गरम डाळ अशी लागते होय!” मावशी म्हणाल्या.

भाचीला कळेना. मावशींनी सांगितलं, माहेरी सगळ्यांत धाकटी म्हणून शेवटी, सासरी सून म्हणून शेवटी, इथे स्वयंपाकीण म्हणून शेवटी. “माझ्या वाट्याला जेवण यायचं ते थंडच. मला वाटायचं, डाळीची चवच तशी.”

भाची त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसली. हसता-हसता तिने एक घास घेतला. पहिलवान शेजारीच होती. तिने स्वतःचं ताट मुद्दाम लांब सरकवलं. “इकडे आता जागा नाही हं,” ती म्हणाली, “हाउसफुल!”

रोज मावशी तिच्यासमोर बसत राहिल्या. काही दिवस भाची अर्धंच खायची आणि उरलेलं तसंच ठेवायची. मावशी म्हणायच्या, “राहू दे. उरलेलं दिसलं तर बरं असतं.” ताट उंच धरणं, कौतुक करणं, सगळं त्यांनी सोडून दिलं. जेवताना फक्त गप्पा. नवऱ्याच्या, जो बस चालवतो आणि घरी आला की दारातच हॉर्नसारखा ओरडतो. शेजारणीच्या, जिची मांजर मावशींच्याच घरी बाळंत होते. भाची ऐकायची, हसायची आणि गप्पांच्या नादात ताट निम्म्याच्या पुढे जायचं.

सत्र संपलं. दाजी आले. हातात मोठी रिकामी बॅग. रक्ताचा निकाल यायचा होता, पण त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं. डॉक्टरबाईंनी बोलावलं. म्हणाल्या, “अजून पुरतं भरलं नाही, पण चांगलं वाढलंय. गोळ्या चालू ठेवल्या तर वॉर्डात उभी राहू शकेल. माझी हरकत नाही.”

“तुमची नसेल,” दाजी म्हणाले. “घरी आईच्या हातचं खाईल, लवकर सुधारेल. इथे पुन्हा कोण बघणार?”

मी मावशींकडे पाहिलं. आता त्या बोलतील, भांडतील. त्या म्हणाल्या, “दादा, वेळ झालीय. आधी जेवा.”

आम्ही बसलो. दाजी, भाची, मी आणि मावशी. दाजी घास घेईनात. त्यांची नजर पोरीच्या हातावर. भाचीने लिंबू पिळलं, भात कालवला, खाल्ला. संपला. तिने मावशींकडे पाहिलं. “मावशी, थोडी डाळ अजून.”

ज्या बाईचा हात आयुष्यभर न मागता पुढे गेला, ती जागची हलली नाही. “ऊठ की,” मावशी म्हणाल्या, “तुला हात आहेत.”

भाची उठली. पातेल्यापाशी गेली, आपल्या ताटात डाळ वाढून घेतली. येताना पळी तशीच हातात. बापाच्या ताटापाशी थांबली, म्हणाली, “बाबा, गार झाली तुमची. गरम वाढते.” दाजींनी ‘बस’ म्हणून हात आडवा धरला आणि मग स्वतःच बाजूला घेतला. ते जेवले. खाली मान घालून, बराच वेळ. मग म्हणाले, “वॉर्डातलं काम कधी सुरू होतंय तुझं?”

मावशी उठल्या, हात धुतले. त्यांचं त्या दिवसाचं काम संपलं होतं. पदर खोचला, पिशवी घेतली आणि मागच्या दाराने बाहेर पडल्या. दाजी घाईने मागे गेले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, पण उंबऱ्याशी पोचले आणि तिथेच थांबले. मी त्यांच्या मागे होतो. भाची मागच्या बाजूच्या खिडकीशी आली, गालात घास तसाच. मावशी सायकलींच्या रांगेजवळून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून चालल्या होत्या, कोणाशी तरी मोठ्याने बोलत, बहुतेक स्वतःशीच. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. दाजींनी रिकामी बॅग घडी करून काखेत धरली होती, आणि त्या वळणाआड दिसेनाशा होईपर्यंत आम्ही तिघं बघत उभे होतो.