बोटाचा ताप

समजा, तुमच्या हातात काचेची नळी आहे. आत पेशंटच्या मणक्यातून काढलेलं पाणी. ती यंत्रात ठेवायची, झाकण लावायचं. आतून प्रकाशाची बारीक तिरीप जाते. वाटेत जिवाणू असले की उजेड विखुरतो आणि आकडा चढतो. पण काचेवर तुमच्या बोटाचा तेलकट ठसा राहिला, तरी आकडा चढतोच.

आमच्या लॅबमधल्या एकाला 'पुसण्या' हे नाव त्या ठशावरूनच पडलं. एकदा आकडा चढलेला बघून त्याने घाईघाईत वॉर्डला फोन केला, तिथे धावपळ झाली, आणि निघाला बोटाचा ठसा. लॅबच्या मोठ्या बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पेशंट ठणठणीत आहे. ताप तुझ्या बोटाला आलाय." तेव्हापासून येता-जाता कोणीही त्याच्या बोटाची तब्येत विचारायचं. तोही हसायचा. आकडा चढला की नळी पुसायचा, परत लावायचा, आकडा उतरेपर्यंत पुसत राहायचा.

एका दुपारी त्याच्या धाकट्या बहिणीचीच नळी आली. तिला सडकून ताप होता, मान वळत नव्हती. आकडा चढला. पुसण्याने नळी पुसली. आकडा तिथेच. परत पुसली. मागून कोणीतरी म्हणालं, "काय रे, आज बोटाला किती?" सगळे हसले. त्याने नळी स्टँडमध्ये उभी ठेवली, चहा पिऊन आला, पुन्हा चकचकीत पुसून लावली. आकडा उतरला. जिवाणू नाहीत, असं त्याने कळवलं, आणि डॉक्टरांनी सुरू केलेलं इंजेक्शन थांबवलं.

उभ्या ठेवलेल्या नळीत जिवाणूंच्या गुठळ्या तळाशी बसतात. तिरीप वरच्या नितळ पाण्यातून जाते. म्हणून लावण्याआधी नळी हलवायची, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. दुसऱ्या दिवशी तेच पाणी घातलेल्या काचेच्या बशीत जिवाणू वाढलेले दिसले. इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. बहीण वाचली. दोन्ही कान गेले.

आता जेवताना ती सगळ्यांच्या ओठांकडे बघत बसते. आई पाहुण्यांना सांगते, "घरचा माणूस तिथे होता, म्हणून पोर हाती लागली." बहीण ओठ वाचते आणि भावाकडे बघून हसते. तो खाली मान घालून जेवतो.

लॅबमध्ये आता त्याला कोणी चिडवत नाही. नावसुद्धा बदललं, सरळ 'दादा' म्हणतात. मला मात्र तो अजूनही मधेच थांबवून विचारतो, "खरं सांग, त्या दिवशी नळी हलवायची मी विसरलो, की आकडा उतरावा म्हणून हलवलीच नाही?"