अठराची भरती

ज्ञानूभावोजींना तो व्हिडिओ मीच पाठवला. आता कुणाच्या नावानं बोटं मोडू? अठरा तारखेला दुपारी समुद्र उठणार, जग बुडणार, असं कुणीतरी दाढीवाला डोळे वटारून सांगत होता. मी हसले नि पुढे ढकलला. मेला तो मोबाइल!

भावोजी शेजारीच राहतात, घणसोली गावात, लेक सोनमबरोबर. दोन हजार पाचच्या पुरात त्यांची बायको खाडीच्या पाण्यात गेली. "तवा कोनी आदी सांगलं नाय," एवढंच म्हणतात. तेव्हापासून कुणीही काहीही सांगो, ते कान देऊन ऐकतात. तरी या वेळी मला विचारलंन, "मुक्ताबाय, खरं असंल काय गो?"

"छे ओ! टेन्शन नका घेऊ."

सोळाला संध्याकाळी सोनम दारात मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. "अठराला भरती हाय. कागद प्लास्टिकमदी घाल, भिजायला नकोत." भावोजींनी ऐकलं आणि पांढरेफटक पडले. पोरगी बोलत होती पोलीस भरतीचं, ते मलाही मागाहून कळलं. दोनदा नापास झालेली, वयात बसायची ही शेवटची खेप, म्हणून बापाला सांगितलंच नव्हतं. पण अख्खा जन्म खाडीत काढलेल्या माणसाला भरती म्हणजे पाणीच.

अठराला पहाटे, ती झोपेत असताना, त्यांनी तिची बांधून ठेवलेली कागदांची फाइल आणि बायकोचा फोटो पिशवीत घातला. मुरबाडला बहिणीच्या घरी, उंचावर ठेवायचं आणि दुपारच्या भरतीआधी लेकीला न्यायला परतायचं. जाताना मला हे सांगून म्हणाले, "पोरीला सांबाल." जाऊन आले की मन शांत होईल त्यांचं, म्हणून मी अडवलं नाही.

सहाला सोनमनं कपाट उघडलं. फाइल कुठे गेली ते मी सांगितलं, तेव्हा आज पोलीस भरती असल्याचं ती बोलली. बापाला फोन लावला, तर तो उशीखाली वाजला. झेरॉक्स घेऊन मैदानावर धावली. मूळ कागदांशिवाय आत घेत नाहीत.

दुपारी भावोजी धापा टाकत आले. गल्ली कोरडी ठणठणीत. सोनम पायरीवर बसलेली, पायात धावायचे बूट तसेच.

"भरती झाली गो, बाय?"

"झाली, बाबा. संपली."

त्यांनी दोन्ही हातांनी तिचं डोकं कवटाळलं. "वाचलीस गो, वाचलीस," म्हणत ढसाढसा रडायला लागले. तिनं त्यांना रडू दिलं. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, सांगू नको म्हणून.